वाचकांचे प्रश्न : परवडणारं जेवण शोधायचं कुठे?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात नवी पेठेत राहायला आले आहे. फोनवर जवळची हॉटेलं शोधली की महागडी रेस्टॉरंटच पुढे येतात. पोळी-भाजीची साधी खानावळ कशी शोधायची? महिन्याचे पैसे भरण्याआधी काय पाहायचं?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुम्ही राहता तिथून सदाशिव पेठेपर्यंत खानावळींचं जाळंच आहे, पण त्यातल्या कितीतरी घराच्या दोन खोल्यांत चालतात. पाटी असते ती जिन्यापाशी, ‘घरगुती जेवण मिळेल’ किंवा ‘डबे मिळतील’ एवढीच. नकाशावर शोधताना ‘रेस्टॉरंट’ हा शब्द सोडा. ‘मेस’, ‘खानावळ’, ‘भोजनालय’ असं देवनागरीत टाका आणि अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावून वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाचा उपयोग नाही, कारण आचारी बदलला की खानावळ बदलते.

याहून खात्रीचा मार्ग पायी फिरण्याचा. दुपारी साडेबाराला आणि रात्री आठला अभ्यासिकांमधून मुलं-मुली बाहेर पडतात, ती कुठल्या गल्लीत वळतात ते पाहा. ‘चांगली मेस कुठली?’ असं विचारलंत तर प्रत्येक जण ऐकलेलं नाव सांगेल. ‘तू किती महिने तिथे जेवतेस? आधीची का सोडलीस?’ असं विचारलंत तर खरी माहिती मिळते.

दोन-तीन मेस निवडा आणि प्रत्येक ठिकाणी सुटं ताट घेऊन चार वेळा जेवा. वेळा मात्र ठरवून निवडा. एकदा दुपारी सुरुवातीलाच जा आणि पोळ्या तिथेच लाटल्या जातात की डब्यातून येतात ते बघा. एकदा बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा. भाजी संपली म्हणून घाईत पिठलं टाकणारी खानावळ चांगली. सकाळचीच भाजी पाणी घालून वाढवणारी नको. एक जेवण सोमवारी दुपारी घ्याच. बऱ्याच मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट म्हणजे खास जेवण असतं आणि रात्री सुट्टी, त्यामुळे उरलेलं काय केलं जातं ते सोमवारच्या ताटात दिसतं.

ताटात आधी वरण किंवा आमटी चाखा. भाजी मसाल्याने झाकता येते, साधं वरण झाकता येत नाही. डाळ किंवा कडधान्य लवकर शिजावं म्हणून सोडा जास्त पडला, तर साबणासारखी चव येते आणि दाणे फुटून लगदा होतो. अशा जेवणाने तासाभरात पोट फुगतं. भाजीवर तेलाचा जाड थर असेल, तर ती रोज खाण्याजोगी नाही.

पैसे भरताना चार गोष्टी कागदावर किंवा मेसेजवर घ्या. पहिली, जेवणं किती : तीस दिवसांची दोन्ही वेळची साठ होतात, चार रविवार रात्री बंद धरले तर छप्पन्न. दर छप्पन्नने भागून पाहा, साठने नाही. दुसरी, खाडा : गावी गेलात तर ती जेवणं पुढे धरतात का, किती दिवस सलग असावे लागतात, आदल्या दिवशी कळवायचं की सकाळी? सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरूनच होतात. तिसरी, ‘अनलिमिटेड’ म्हणजे नेमकं काय : पुष्कळदा भात-आमटी हवी तितकी मिळते आणि भाजी एकच वाटी. चौथी, ताटाऐवजी डबा घेतला तर पोळ्या तेवढ्याच का? पहिल्यांदा पंधरा दिवसांचेच पैसे भरा, दर थोडा जास्त पडला तरी चालेल.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आठवडाभर मुंबईत लालबाग-परळ भागात मुक्काम आहे. मालवणी खानावळीत जेवायचं आहे, पण सुरमई-पापलेटचे दर झेपत नाहीत. ताजी मासळी स्वस्तात कशी खावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाग अगदी योग्य निवडलात. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका याच वस्तीतल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराचा फास सुटावा म्हणून. मुंबईच्या स्वस्त जेवणाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या बायकांपासूनच करावी लागेल.

आता ताटाकडे वळू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे सुरमईची तुकडी बर्फातली असण्याची शक्यता बरीच. तुम्ही बांगडा, मांदेली किंवा बोंबील मागा. वाटण तेच, दर बराच कमी. बांगडा कालवणातला घ्या. तिरफळ हा कोकणातला मसाला घातलेलं मिळालं तर सोडू नका. ताज्या बांगड्याचं मांस काट्यापासून घट्ट पाकळ्यांनी सुटतं, शिळ्याचं पिठासारखं भुगा होतं. रव्याचा जाड थर दिलेल्या तळलेल्या तुकडीत हे कळत नाही.

सोलकढी थोडा वेळ तशीच ठेवा. ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर वर दाट साय जमते आणि ढवळावी लागते. अखेरपर्यंत एकसारखी भडक गुलाबी राहिली तर नारळ कमी, रंग जास्त. बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी जा. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून मासळीही कमी आणलेली असते. श्रावण चालू असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा, कारण काही खानावळी तेव्हा फक्त शाकाहारी ताट ठेवतात.

प्रश्न : साध्या हॉटेलात बिलावर जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज दोन्ही लावलं. द्यावंच लागतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, पण बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणारं छोटं हॉटेल गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेऊच शकत नाही. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं आहे. काढायला सांगा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न : पणजीत सकाळचा नाश्ता किनाऱ्यावरच्या दरांत परवडत नाही. स्थानिक लोक कुठे खातात?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : गोव्यात ‘कॅफे’ अशी पाटी दिसली की कॉफीचं महागडं दुकान समजून पुढे जाऊ नका. पणजीतलं कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले ही भाजी-पावाची जुनी ठिकाणं आहेत. ती आता सर्वांना ठाऊक आहेत, पण तसलीच बिननावाजलेली ठिकाणं बाजारपेठा आणि बसस्टँडच्या आसपास सापडतात. सकाळी दहाच्या आत जा. ‘मिक्स’ मागा, म्हणजे पातळ भाजी आणि बटाट्याची सुकी भाजी एकाच बशीत येते. सोबत पाव घ्या, नाहीतर पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, मिळते का विचारा. बन्स म्हणजे पाव नव्हे, ते केळं घालून तळलेले पुरीसारखे, थोडे गोडसर असतात. ते गरम असतानाच खावे, गार झाले की चिवट होतात. शुक्रवार असेल तर म्हापशाच्या बाजाराला जोडून नाश्ता उरका. दुपारच्या शीत-कडीसाठी, म्हणजे आमटी-भातासाठी, कुठेही साडेबाराला बसा. दोननंतर आमटी-भात मिळतो, पण सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, बहुधा संपलेलं असतं.