सेल डिव्हिजनच्या वेळी सेंट्रोसोमवर प्रोटीन्स नक्की जमतात कशी, आणि हे बघायला ड्रोसोफिला माशीचीच अंडी का घेतात?

मी नाशिकला बीएस्सीच्या मुलांना झूऑलॉजी शिकवते आणि हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की फार बरं वाटतं, कारण पुस्तकात "सेंट्रोसोम (पेशीतला एक बारीक ठिपका) स्पिंडल (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा धाग्यांचा साचा) बनवतो" एवढं एक वाक्य असतं आणि पोरं ते पाठ करून मोकळी होतात.

बऱ्याच जणांना वाटतं तशी ही प्रोटीन्स बाहेरून येऊन थरावर थर चिकटत नाहीत, थर आतून बाहेर वाढतो. सेंट्रोसोमच्या मधे एवढीशी नळी, म्हणजे सेंट्रिओल, आणि त्याच्याभोवती पीसीएम नावाचा प्रोटीन्सचा गोळा, माशीत त्याचा सांगाडा मुख्यतः एसपीडी-2 आणि सेंट्रोसोमिन ही दोन प्रोटीन्स उभा करतात. हे कळलं कसं तर सेंट्रोसोमिनला जीएफपी नावाचं चमकणारं प्रोटीन जोडायचं, जिवंत अंड्यातल्या एका सेंट्रोसोमवर लेझर मारून चमक घालवायची आणि बघत राहायचं. चमक परत येते ती आधी अगदी मधे, सेंट्रिओलला लागून, कडा अजून काळ्याच, मग ती हळूहळू बाहेर सरकते. जात्यात दाणे मधे पडतात आणि पीठ कडेनं बाहेर येतं ना, अगदी तसं.

दळायचं काम इथे पोलो नावाचं कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं प्रोटीन, करतं. एसपीडी-2 त्याला तिथे खेचून आणतं, ते सेंट्रोसोमिनवर फॉस्फेट लावतं आणि मगच सेंट्रोसोमिनचे रेणू एकमेकांत अडकून जाळं बनतं. फॉस्फेट लागायच्या जागाच बदलून टाकल्या तर सेंट्रोसोमिन सेंट्रिओलपर्यंत पोचतं पण जाळं काही नीट बनत नाही, आणि फॉस्फेट लागल्यासारखाच बदल आधीच करून ठेवला तर सेंट्रोसोम नसलेल्या जागीही गोळे बनायला लागतात! मला तर हा पुरावा सगळ्यात भारी वाटतो. जाळं तयार झालं की त्यावर गॅमा-ट्युब्युलिन हे प्रोटीन येऊन बसतं आणि तिथून मायक्रोट्युब्यूल्स, म्हणजे स्पिंडलचे धागे, फुटतात.

आता माशीच का. द्राक्षांच्या सीझनला आपल्याकडे सडलेल्या मण्यांवर चिलटं घोंघावतात ना, त्याच ड्रोसोफिला कुळातली ही. हिच्या अंड्यात सुरुवातीला पेशी वेगळ्या करणारे पडदेच नसतात, नुसती केंद्रकं एकाच पिशवीत 13 वेळा एकदम विभागतात, एकेक फेरी काही मिनिटांची, आणि शेवटच्या फेऱ्या अंड्याच्या पृष्ठभागालगत होतात म्हणून मायक्रोस्कोपखाली ढीगभर सेंट्रोसोम एकाच वेळी दिसतात. लागणारी बहुतेक प्रोटीन्स आईनंच अंड्यात भरून ठेवलेली असतात. त्यामुळे सेंट्रोसोमिनचा जीन बिघडलेली माशी स्वतः मोठी होते, पण तिच्या अंड्यांची वाढ सुरुवातीलाच बंद पडते. माणसात याचाच भाऊबंद असलेला सीडीके5रॅप2 हा जीन बिघडला तर बाळाचा मेंदू लहान राहतो.