कलिंगडाची कांडी दगडासारखी का होते?

प्रश्न : सुट्टीत मुलांबरोबर कलिंगडाच्या रसाच्या बर्फकांड्या साखर न घालता केल्या, पण त्या दगडासारख्या झाल्या. काय चुकले? (एक वाचक, दादर)

उत्तर : साखर टाळलीत हे उत्तमच, चूक नुसता पातळ रस गोठवण्यात झाली. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि कांडी मऊ राहते, म्हणून रस न गाळता त्यात पिकलेले केळे किंवा हापूसचा गर मिसळावा, म्हणजे फळातलीच साखर व तंतू बर्फाचे स्फटिक बारीक ठेवतात. केळे कुस्करण्याचे काम मुलांकडेच द्यावे (नंतर ओटा पुसण्याची तयारी मात्र ठेवावी). गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे साचे काठोकाठ भरू नयेत. पाणी घालायचेच असेल तर उकळून गार केलेले घालावे, कारण गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत.