एमकेव्ही फाइलची डीव्हीडी केली, प्लेअरवर चित्र दिसतं पण आवाज अजिबात नाही. काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की मूळ फाइल संगणकावर नीट वाजते, कन्व्हर्टरने कुठलीही एरर दिली नाही, आणि तरी टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर डिस्क मुकी आहे. सेटिंग बदलून लगेच दुसरी डिस्क बर्न करू नका. आवाज नेमका कुठल्या टप्प्यावर गेला ते आधी शोधा, कारण प्रत्येक टप्प्याचा इलाज वेगळा आहे.

सर्वात आधी रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण दाबून बघा. डिस्कवर दोन ट्रॅक असतील आणि पहिला रिकामा असेल, तर काम तिथेच होतं.

मग डिस्क संगणकात घालून तिच्यावर काय आहे ते पाहा. 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी फाइली असतील तर ती खरी व्हिडिओ डीव्हीडी. त्याऐवजी एमपी४ किंवा एव्हीआय फाइल जशीच्या तशी दिसत असेल तर तुम्ही डेटा डिस्क बर्न केली आहे. बऱ्याच प्लेअरना एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स या फॉरमॅटचं चित्र दाखवता येतं, पण त्याच फाइलमधला एएसी किंवा डीटीएस फॉरमॅटचा आवाज उलगडता येत नाही. मग नेमकं हेच होतं, चित्र आहे आणि आवाज नाही.

फोल्डर बरोबर असेल तर मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'व्हीटीएस_०१_१' ही व्हीओबी उघडा. शेवटी शून्य असलेली उघडू नका. तिच्यात मेन्यू असतो आणि मेन्यूला बहुतेकदा आवाजच नसतो, त्यामुळे उगाच गैरसमज होतो. आता 'ऑडिओ' हा भाग दिसतो का आणि त्यात फॉरमॅट काय लिहिलाय ते बघा.

ऑडिओचा भागच नसेल तर आवाज कन्व्हर्टरने गाळला. विंडोजवरचे बरेच जुने कन्व्हर्टर स्वतः आवाज उलगडत नाहीत, सिस्टिममध्ये बसवलेल्या डायरेक्टशो फिल्टरवर, म्हणजे आवाज-चित्र उलगडणाऱ्या वेगळ्या घटकांवर, विसंबतात. मूळ फाइलमध्ये डीटीएस किंवा ई-एसी३ फॉरमॅटचा आवाज असेल आणि त्याचा फिल्टर नसेल, तर बरेच कन्व्हर्टर चकार शब्द न काढता फक्त चित्र लिहून मोकळे होतात. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरकडे स्वतःचे डिकोडर (उलगडणारे घटक) असतात, म्हणून तिथे तीच फाइल खणखणीत वाजते. 'माझ्याकडे तर आवाज येतो' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. एलएव्ही फिल्टर्स हा अशाच फिल्टरांचा मोफत संच बसवला की सहसा प्रश्न सुटतो. चार-पाच कोडेक पॅक एकावर एक चढवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. माझं मत विचाराल तर असा कन्व्हर्टर सोडूनच द्या आणि एफएफएमपेग या मोफत रूपांतर प्रोग्रॅमवर चालणारा डीव्हीडीस्टायलर वापरा. हँडब्रेकच्या नादी लागू नका, त्यातून व्हिडिओ डीव्हीडी तयार होत नाही.

ऑडिओचा भाग आहे पण प्लेअर गप्प आहे, असं असेल तर फॉरमॅट नीट वाचा. व्हिडिओ डीव्हीडीवर एसी३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल, पीसीएम (न दाबलेला आवाज) आणि एमपी२ हे चालतात. डीटीएस ऐच्छिक आहे, म्हणजे प्रत्येक प्लेअरला तो उलगडता येईलच असं नाही. एएसी, एमपी३, ओपस, फ्लॅक यांना इथे जागाच नाही. सॅम्पलिंग रेट (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) ४८ किलोहर्ट्झ हवा. सीडीवरून किंवा नेटवरून आलेला आवाज बहुधा ४४.१ चा असतो. तो न बदलता कोंबला तर काही प्लेअर गप्प बसतात, काही चुकीच्या वेगाने वाजवतात. एमपी२ ची सक्ती फक्त पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) प्लेअरना आहे, एनटीएससीसाठी (अमेरिका-जपानमधली पद्धत) बनलेल्या प्लेअरला तो कळेलच याची खात्री नाही. म्हणून मी डोळे झाकून एकच सांगतो: एसी३, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस. दोन तासांच्या चित्रपटाला हा आवाज साधारण १७३ एमबी घेतो. तोच स्टिरिओ पीसीएममध्ये ठेवला तर १५३६ केबीपीएसने १.४ जीबीच्या आसपास जातो, आणि ४.७ जीबीच्या डिस्कवर चित्राच्या दर्जाला तेवढी कात्री लागते.

एफएफएमपेग थेट वापरत असाल तर 'टार्गेट' या पर्यायाला 'पाल-डीव्हीडी' दिलं की एसी३ आणि ४८ किलोहर्ट्झ आपोआप येतात, फक्त आवाजाचा बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ४४८ केबीपीएस लागतो. १९२ हवा असेल तर तो आकडा 'टार्गेट'च्या नंतर लिहा. फाइलमध्ये अनेक भाषांचे ट्रॅक असतील तर 'मॅप'ने हवा तो नेमून द्या. नाहीतर तो एकच ट्रॅक घेतो, आणि निवड भाषा पाहून नाही तर ट्रॅकवरची 'डीफॉल्ट' खूण आणि चॅनेलची संख्या पाहून होते.

फॉरमॅट डीटीएस निघाला आणि विकतच्या डीव्हीडी त्याच प्लेअरवर छान वाजत असतील, तर मेख प्लेअरच्या सेटिंगमध्येही असू शकते. डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' वर असेल तर प्लेअर डीटीएस न उलगडताच टीव्हीकडे ढकलतो आणि टीव्हीला तो कळत नाही. तिथे 'पीसीएम' करून बघा. लाल-पांढऱ्या केबलने जोडलेल्या साध्या प्लेअरला मात्र डीटीएस उलगडताच येत नसेल तर पर्याय नाही, आवाज एसी३ मध्ये बदलावा लागेल.

एका डिस्कवर अनेक क्लिप असतील तर आणखी एक भानगड सापडते, ती सहसा कोणी सांगत नाही. एका टायटलसेटमधल्या (डिस्कवरच्या एका गटातल्या) सगळ्या क्लिपसाठी आवाजाचं वर्णन आयएफओ फाइलमध्ये एकदाच लिहिलेलं असतं. पहिली क्लिप एसी३ आणि तिसरी एमपी२ असली, किंवा एखाद्या क्लिपला आवाजच नसला, तर काही प्लेअर तिथून पुढे मुके होतात. सगळ्या क्लिप एकाच फॉरमॅटमध्ये, तितक्याच चॅनेलच्या करा. ज्या क्लिपला आवाज नाही तिलाही शांततेचा एसी३ ट्रॅक जोडा. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी 'ए-नल-एसआरसी' नावाचा स्रोत आहे.

संगीत ऐकू येतं पण संवाद गायब, असं असेल तर ५.१ म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजातला मधला (सेंटर) चॅनेल वाटेत पडलाय. कन्व्हर्ट करतानाच दोन चॅनेलमध्ये मिसळून घ्या. आणि आवाज मधूनमधून तुटत असेल तर एकूण बिटरेट बघा. चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८ एमबीपीएसच्या वर गेलं की प्लेअरची दमछाक होते. चित्राला ९ आणि वर पीसीएम ठेवलं की मर्यादा ओलांडलीच.

दुरुस्तीनंतर पूर्ण चित्रपट कन्व्हर्ट करू नका. संवाद असलेला दोन मिनिटांचा तुकडा कापा, त्याचं व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर तयार करा, मीडियाइन्फोने पडताळा आणि मग पुन्हा पुसता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर बर्न करून त्याच प्लेअरवर लावा.

एवढं करूनही आवाज आला नाही तर मूळ फाइल आणि व्हीओबी, दोन्हींची मीडियाइन्फोमधली ऑडिओची माहिती प्रश्नात जोडा. शिवाय प्लेअर टीव्हीला कुठल्या केबलने जोडलाय तेही लिहा.