रविवारची गोळी

"सिस्टर, हाडांची ती आठवड्याची गोळी आईंनी बंद केलीय. छातीत जळजळतं म्हणतात. कॅल्शियम चालूच आहे, मग चालेल ना?"

हाडांच्या ओपीडीत हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. या वेळी विचारणारी सून होती, शेजारी सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. या मावशींचं मोरीत घसरून मनगट मोडलं होतं. तेव्हाच्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे ३.१ आला. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. प्लास्टर निघालं, हात चालू लागला, आणि घरच्यांना वाटलं की विषय मिटला.

मी मावशींच्या हातात पाण्याचा पेला दिला. "रविवारी गोळी कशी घेता, करून दाखवा."

त्या म्हणाल्या, "पाणी कुठलं? चहाच्या घोटाबरोबर घेते, कॅल्शियमची पण तेव्हाच. मग जरा आडवी होते. रविवारी कोण लवकर उठतंय?"

जळजळीचं कारण तिथेच सापडलं. अ‍ॅलेन्ड्रोनेटची ही ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तिथलं अस्तर भाजतं. चहा, दूध किंवा कॅल्शियम सोबत असलं की ती अंगी फारशी लागत नाही. म्हणजे त्रास पुरेपूर आणि गुण जवळपास शून्य. आम्ही चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' एवढंच लिहून दिलं होतं. ते पुरेसं नव्हतं, ही चूक आमची.

गिळताना दुखत नाही ना, हे डॉक्टरांनी तपासलं आणि गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. उठल्यावर पेलाभर साधं पाणी, त्याबरोबर अख्खी गोळी, मग अर्धा तास बसायचं किंवा चालायचं. आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. गिळताना दुखलं तर लगेच यायचं, कारण इंजेक्शनचाही पर्याय असतो. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

आणि नुसतं कॅल्शियम का पुरत नाही? या वयात हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. कॅल्शियम म्हणजे माल. झीज आवरायचं काम या गोळीचं.

मग मी त्यांची चप्पल उलटी केली. तळवा घासून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. रात्री दोनदा उठतात, पण सुनेची झोप मोडेल म्हणून दिवा लावत नाहीत. सून गप्प झाली. मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात मोठं दुखणं हा अंधार होता. मोरीच्या वाटेवर छोटा दिवा, भिंतीला धरायला दांडी, ओली फरशी लगेच पुसणं, एवढं तिनेच लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी दोघी आल्या. जळजळ नव्हती. "गोळी घेतली की फुलं काढायला जाते," मावशी म्हणाल्या, "परत येईपर्यंत अर्धा तास होतोच." आणि मी विचारायच्या आत त्यांनी नवी चप्पल काढून, उलटी करून माझ्यासमोर धरली.