उताराच्या साइटचं काँटूर (समान उंचीच्या रेषा) मॉडेल 1:200 स्केलला करायचं आहे, काँटूर 1 मीटर उंचीच्या फरकाने आहेत. सनबोर्ड (मॉडेलसाठीचा हलका फोमचा बोर्ड) किती जाडीचा आणि किती शीट घ्यावे?

5 मिमीचा सनबोर्ड घ्या, आणि साइट एका शीटवर मावत असेल तर दोन शीट पुरतील. हिशोब सरळ आहे: एका थराची उंची 1 मीटर, म्हणजे 1000 मिमी, भागिले 200, म्हणजे 5 मिमी. 1:500 असतं तर 2 मिमी लागला असता, 1:100 ला 5 मिमीचे दोन थर. प्रत्येक थरासाठी वेगळं शीट कापू नका, फार वाया जातं. मी कॉलेजची साइट मॉडेलं अशीच केली: दोन्ही शीटवर सगळे काँटूर ट्रेस करा, पहिल्यावर फक्त 1, 3, 5 या रेषा कापा, दुसऱ्यावर 2, 4, 6. पहिल्या शीटचा 1 ते 3 हा पट्टा खाली ठेवा, त्याच्यावर रेष 2 शी जुळवून दुसऱ्या शीटचा 2 ते 4. असंच वर चढत जा. प्रत्येक पट्ट्याचा मागचा अर्धा भाग वरच्या पट्ट्याला टेकू देतो. आत पोकळी राहते, तिथे उरलेल्या तुकड्यांचे ठोकळे आधी चिकटवा, नाहीतर मधला भाग खचतो आणि बिल्डिंगचं मॉडेल तिरकं बसतं. कटरचं पातं बोथट वाटलं की त्याचं पुढचं टोक लगेच तोडा; वळणावर कड फाटते ती त्यामुळेच.

फक्त जिथे काँटूर अगदी जवळजवळ आहेत, कागदावर 5-6 मिमीवर, तिथे ही युक्ती चालत नाही. पट्टे चिकटायला जागाच उरत नाही. तेवढ्या भागात पूर्ण थर द्या, आणि त्यासाठी एक शीट जास्तीचं आणा.