उरलेल्या विटांतून शेतावर ग्रिल: सिमेंट कुठे चालेल, कुठे नाही

जुनं घर पाडून निघालेल्या विटांतून मुळशीच्या शेतावर कोळशाचं ग्रिल बांधायचंय आणि गवंडी म्हणतोय, सगळं सिमेंटात पक्कं करून टाकू, फायर ब्रिक (खास आच सोसणारी वीट) वगैरे लाड कशाला, असा प्रश्न आलाय. गवंड्याचं अर्धंच ऐका. खालचं बांधकाम सिमेंटात करू दे. निखारे बसतात तिथे मात्र सिमेंट लावू देऊ नका.

लाल वीट भट्टीत 900-1000 अंशांवर भाजून निघालेली असते. तिला नुसत्या आचेची भीती नाही. सिमेंटचा माल 400-500 अंशांनंतर भुसभुशीत व्हायला लागतो आणि निखाऱ्यांजवळ तेवढी आच सहज असते. काही महिन्यांत सांधे गळतात आणि विटा हलायला लागतात.

विटेचं दुखणं वेगळं आहे. ती पाणी पिते. मुळशीचा अख्खा पावसाळा अंगावर घेतलेल्या विटेपुढे दिवाळीत एकदम ढणाढणा जाळ केला, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तोंडाचा पापुद्रा सुटतो. कधी फाटकन कपची उडते, तीही नेमकी पोरं वाकून बघत असताना. म्हणून पावसाळ्यात वर पत्रा टाकून ठेवा, आणि मोसमाचा पहिला विस्तव अगदी बारीक, तासभर, काहीही न भाजता. सांध्यांतून ओल बाहेर येताना दिसते, ती थांबली की कोळसा वाढवा.

आता विटा निवडा. दोन विटा एकमेकींवर हाणून बघा. खणखणीत वाजल्या तर घ्या, बद्द वाजल्या तर पायवाटेला टाका. तेलरंग लागलेली वीट आतल्या बाजूला अजिबात नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं. फ्लाय अ‍ॅशच्या (राखेच्या) विटा आणि सिपोरेक्सचे हलके ब्लॉक आचेला लावू नका.

जागा काळ्या मातीची असेल तर ती उकरून मुरमापर्यंत जा, नाहीतर पाण्याने फुगून-आकसून बांधकामाला तडे जातील. वर चार इंच काँक्रीट पुरे. मग इंग्रजी यू आकाराची चार इंची भिंत, आत 30 इंच रुंद, 24 इंच खोल. बांधण्याआधी लाल विटा पाण्यात भिजवून घ्यायच्या, हे गवंड्याला सांगावं लागू नये, पण सांगा. सात थर झाले की आडवा कडप्पा टाका, त्याखाली लाकडं-कोळसा ठेवायला जागा होते. कडप्प्याला थेट आच लागली तर तो तडकतो, म्हणून वर इंचभर वाळू आणि त्यावर फायर ब्रिकची फरशी. वाऱ्याच्या आडोशाला भिंत आणखी पाच थर न्या. एकूण लाल विटा शंभर-सव्वाशे.

फायर ब्रिक साधारण 9 x 4.5 x 3 इंचांची मिळते. फरशीला आणि तिन्ही बाजूंना उभ्या अस्तराला मिळून पस्तीसेक लागतील. अस्तर कोरडंच रचा आणि बाहेरच्या भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवा. तापल्यावर ते फुगतं, त्याने भिंत ढकलू नये. एखादी वीट फुटली तर तेवढीच बदलता येते, हा खरा फायदा. सिमेंटात बसवलीत तर छिन्नी घेऊन बसावं लागेल.

जाळी भिंतीत चिणू नका. दोन फुटांची लोखंडी सळई 400 अंशांनी तापली की जवळजवळ 3 मिलिमीटर लांबते, कडेच्या विटा तीच फोडते. सुट्या फायर ब्रिकवर टेकवा, दोन्ही बाजूंना पाव इंच जागा सोडा. फरशीपासून सहा इंचांवर ठेवलीत तर जमिनीपासून साधारण 35 इंच होते, उभ्याने काम करायला बरी. सुटी असल्यामुळे चिकनला वर घ्या, पापडाला खाली. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी स्वस्त मिळते, पण तिच्यावरचं जस्त 419 अंशांना वितळतं आणि त्याचा धूर वाईट. स्टीलचीच घ्या.

हुरडाही यातच भाजता येईल का, असंही विचारलंय. येईल, पण कशाला? जमिनीत वीतभर खड्डा, गोवऱ्यांची आगटी, झालं. त्याला वीट लागत नाही.