नस काढली, मग दाढ दुखते कशी?

प्रश्न : माझे वय ५२ असून मला मधुमेह आहे. खालच्या उजव्या दाढेत रात्रभर ठणका लागत असे आणि गरम चहाचा घोट घेतला की कळ थेट कानापर्यंत जाई. चार दिवसांपूर्वी रूट कॅनलचे पहिले सिटिंग झाले. ठणका थांबला, पण आता त्या दाढेवर घास आला की दुखते. नस काढल्यावर दुखते कसे? शिवाय ठणका गेलाच आहे, तर दुसरे सिटिंग आणि कॅप यांची खरोखर गरज आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दाढेच्या आतली नस काढली, तरी दाढेची मुळे ज्या बारीक तंतूंनी जबड्याच्या हाडाला बांधलेली असतात, ते तंतू जिवंतच राहतात आणि दाब पडला की त्यांना कळते. आतल्या जंतुसंसर्गाने ते आधीच सुजलेले असतात. त्यात मुळाच्या टोकापर्यंत बारीक सुया फिरवून सफाई झाली, की काही दिवस ते अधिकच हुळहुळे होतात. चहाने उठणारी कळ आणि घासाने होणारे दुखणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले नसेबरोबर गेले. दुसरे रोज थोडे थोडे कमी होत साधारण आठवडाभरात ओसरते. तोवर डाव्या बाजूने चावावे आणि आपल्याकडची कडक भाकरी आमटीत पुरती भिजल्याशिवाय त्या दाढेखाली नेऊ नये. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल, तर वरचे तात्पुरते सिमेंट उंच राहिले असावे; डॉक्टर ते दोन मिनिटांत घासून देतात.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण मधुमेहात मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असेल तर काही गोळ्या टाळाव्या लागतात. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. त्याने ठणका थांबत नाही, हिरडी मात्र भाजून पांढरी पडते.

आता दुसऱ्या सिटिंगविषयी. खालच्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि त्यांत तीन-चार नलिका असतात. त्या साफ करून, जंतुनाशक द्रावणाने धुऊन, आत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरलेले असते. हे सिमेंट काही आठवड्यांपलीकडे भरवशाचे नाही. ते झिजले की लाळेतले जंतू पुन्हा आत उतरतात, आणि नस नसल्यामुळे ते आपल्याला कळतही नाही. म्हणून नलिका गटापर्चाने, म्हणजे रबरासारख्या एका पदार्थाने, कायमच्या बंद करून घेणे आवश्यकच आहे. त्या दिवशी वेळेवर जेवावे, मधुमेहाची औषधे घ्यावीत आणि मगच जावे; भूल दिल्यास ओठ दोन ते चार तास बधिर राहतो, तो पूर्ववत होईपर्यंत गरम काही पिऊ नये.

कॅप हा वाढीव खर्च वाटतो, हे मी रोज ऐकतो. परंतु किडीने आणि उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने दाढेचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंतीवर एखादी सुपारी किंवा चिक्कीचा तुकडा जोरात चावला गेला आणि मुळापर्यंत उभी चीर गेली, तर सगळा उपचार वाया जाऊन दाढ काढावीच लागते. दाढेसाठी कॅप टाळू नका, असेच मी सांगेन.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, गालावर सूज आली किंवा ताप भरला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. मधुमेहात संसर्ग झपाट्याने पसरू शकतो. तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे जड जाऊ लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. सारे सुरळीत पार पडले, तरी साधारण वर्षभराने एक एक्स-रे काढून घ्यावा, कारण मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून येण्यास महिने लागतात आणि ते भरले की नाही, हे बाहेरून दिसत नाही.